कोंडा म्हशीला

आमच्या गल्लीच्या टोकाला गवळीमामांचा गोठा आहे. दोन म्हशी आणि एक रेडकू. वर चार मजली अपार्टमेंट, खाली शेणाचा वास, आणि कुणाची कुणाबद्दल तक्रार नाही. कोल्हापुरात याचं कुणाला नवलही वाटत नाही. सकाळी मामा दूध घालायला येतात तेव्हा मोटारसायकलला एका बाजूला किटली आणि दुसऱ्या बाजूला रिकामी बादली अडकवलेली असते. किटली रिकामी होत जाते तशी बादली भरत जाते. भाजीचे देठ, मटाराची टरफलं, कलिंगडाच्या साली, शिळा भात. आमच्या घरचा वाटा शनिवारी, गव्हाच्या कोंड्याचा. शुक्रवारी गिरणीतून दळप येतं, बायको ते मैद्याच्या बारीक चाळणीनं चाळते, चपात्या मऊ आणि पांढऱ्या होतात, आणि चाळणीत उरलेलं तपकिरी काहीतरी पेपरात गुंडाळून म्हशीला जातं. आईही हेच करायची. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्या पेपराच्या पुडीकडे मी कधी मान वळवून बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऑफिसनं सगळ्यांचं रक्त तपासलं, त्यात माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.2 आलं. 5.7 च्या वर गेलात की उंबऱ्यावर, 6.5 ला पोचलात की घरात. आमच्या आण्णांना साखर होती, त्यांच्या थोरल्या भावालाही होती, तेव्हा त्या घरात आपलाही एक कोनाडा राखून ठेवलेला आहे याची मला कल्पना होती. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, रोज चाला, चार-पाच किलो वजन उतरवा आणि फायबर वाढवा. म्हणजे काय खाऊ, असं विचारलं तर म्हणाले, "धान्य आख्खं खावा. पॉलिश केलेलं नको." आणि कंपाउंडरनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

घाबरलेला माणूस पहिल्यांदा दुकानात जातो. मी त्याच संध्याकाळी मॉलमध्ये गेलो आणि ओट्सचा डबा, ब्राउन ब्रेड, 'बहुधान्य' बिस्किटं, 'बहुधान्य' पीठ आणि गव्हाच्या कोंड्याचं एक देखणं पाकीट घेऊन आलो. बिल बघून बायको म्हणाली, "साखर काय आता खिशातनंच उतरवायची ठरवलीय का?"

पाकिटामागचा बारीक मजकूर मी घरी आल्यावर चष्मा लावून वाचला. हे काम दुकानातच करायचं असतं. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. माझ्या ब्राउन ब्रेडचा पहिला घटक होता 'रिफाइंड व्हीट फ्लोअर'. हा शुद्ध मैदा, नाव तेवढं पाहुण्यासारखं. तपकिरी रंग कॅरॅमलचा. बिस्किटातही पहिला मैदा, मग साखर, मग तेल, आणि ज्वारी-नाचणी बिचाऱ्या यादीच्या शेवटी, लग्नाच्या पत्रिकेत बालगोपाळांची नावं असतात तशा. बहुधान्य पिठात दहा भागांतले नऊ भाग गहूच. ओट्सची मात्र माझी काही तक्रार नाही. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू, म्हणजे फायबर, असतो, पोटात त्याचं बुळबुळीत जेल होतं आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पण रोज सकाळी ती खळ खायची म्हणजे भिंतीला पोस्टर चिकटवायचं राहिलं की काय असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी टेबलावर बसून नव्या पाकिटातला कोंडा चमच्यानं मोजून ताकात घालत होतो, आणि दारात बायको पेपरातला कोंडा मामांच्या बादलीत ओतत होती. तेच, तपकिरी, तसंच. फरक एवढाच की माझ्या कोंड्यावर एमआरपी होती.

तो चमचा तसाच हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो, असं ती अजून सगळ्यांना सांगते.

त्या पाकिटाचा पुढचा प्रकार फारसा सांगण्यासारखा नाही, पण सांगतो, कारण दुसरं कुणीतरी वाचेल. कमी दिवसांत जास्त पुण्य मिळवायच्या नादात मी सकाळ-संध्याकाळ तीन-तीन चमचे कोंडा सुरू केला आणि पाणी मात्र होतं तेवढंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांबरोबर मीटिंग होती. पोटात आधी नुसती कुजबुज, मग कलकलाट. कोंडा पाणी धरून ठेवतो, पाणी नसेल तर तो आतड्यात नुसता बसून राहतो. शिवाय आतड्यातले जिवाणू तंतूंवर जगतात. त्यांना एकदम पंगत वाढली की ते भरपूर गॅस करून आनंद व्यक्त करतात. हे जिवाणू तसे गुणाचे असतात. तंतू कुजवून ते जी आम्लं बनवतात त्यांतल्या ब्युटिरेटवर आपल्या मोठ्या आतड्याच्या पेशींचं पोट भरतं. पण त्यांना सवय लागायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. मी तीन दिवस दिले होते.

मग मी जरा शहाण्यासारखा वागायचं ठरवलं आणि आकडे शोधले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केलेत. त्यात 100 ग्रॅमला ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू, नाचणीत 11, बाजरीत साडेअकरा. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण गव्हाच्या आख्ख्या पिठातही 11 च्या वर! आणि मैद्यात पावणेतीन. पॉलिशच्या तांदळाचंही तेवढंच. गव्हाला लोक हल्ली उगाच शिव्या घालतात. घोटाळा बराचसा चाळणीत आहे. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं. एक किलो पिठातून आमची बारीक चाळण 80 ग्रॅम काढत होती, आणि दाण्याच्या तंतूचा मोठा वाटा त्या 80 ग्रॅममध्ये. ब जीवनसत्त्वं, लोह, मॅग्नेशियम यांचाही मोठा वाटा त्याच पुडीतून बादलीत. म्हशी तुकतुकीत होत्या, यात आता काही आश्चर्य वाटत नव्हतं.

कोंड्याची किंमत कळायला माणसाला आधी कोंबड्या बघाव्या लागल्या. 1890 च्या दशकात जावा बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्या लुळ्या पडायला लागल्या आणि मग अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तर मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं हा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि त्यांच्या नशिबी पुन्हा साधा, बिनपॉलिशचा तांदूळ आला. त्या आचाऱ्याच्या आडमुठेपणानं कोंबड्या उभ्या राहिल्या. जंतू नव्हताच, कमतरता कोंड्यातल्या ब-1 जीवनसत्त्वाची होती. आइकमनला 1929 साली नोबेल मिळालं. आचाऱ्याला काही मिळाल्याचं ऐकिवात नाही. ही गोष्ट तंतूची नाही हे मला ठाऊक आहे, पण चांगलं ते जनावराला आणि पांढरं ते माणसाला, ही वाटणी किती जुनी आहे ते त्यातून दिसतं.

आमच्या घरात ती वाटणी कधी झाली ते आत्तीला विचारलं. आत्ती म्हणजे आण्णांची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढं, गाव राधानगरीकडे, दात सगळे नाहीत पण पचन माझ्यापेक्षा चांगलं. ती म्हणाली, "आरं, चपाती व्हती कुठं? पाव्हणा आला की चपाती. न्हाईतर सणाला पोळी. जोंधळा आनि नाचणा, ह्येच खाल्लं." पावसाळ्यात चाऱ्या-पाण्याची तारांबळ असली की जोंधळ्याच्या कण्या शिजवायच्या आणि ताकात कालवून प्यायच्या. हुलग्याचं माडगं. नाचण्याची आंबील. सकाळी शिळी भाकरी कुस्करून दह्यात. ही शिळी भाकरी दिसते तेवढी गरीब नाही. शिजवलेला स्टार्च थंड झाला की त्याचा काही भाग पुन्हा घट्ट जुळतो, लहान आतड्यात पचत नाही, आणि तंतूसारखाच वागतो. आत्तीला हे सांगितलं तर म्हणाली, "व्हय? आमी तर सरपण वाचतंय म्हणून खात हुतो."

मग जोंधळा गेला कुठं? तो पाण्यानं गेला. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं आणि शाहूपुरीत 1895 साली गुळाची पेठ वसवली, तेव्हाच आमच्या ताटाचं भविष्य लिहिलं गेलं असावं. तक्रार नाही, त्या पाण्यावरच आमची शिक्षणं झाली. पण पाणी आलं तिथं ऊस आला. जोंधळा माणसाला दाणा द्यायचा आणि जनावराला कडबा. उसाचं वाडं गोठ्यात यायला लागलं तशी कडब्याची गरज सरली. पोटाला रेशनचा गहू-तांदूळ होताच. एखाद्या पिकाची दोन्ही कामं दुसऱ्यानं उचलली की ते पीक बांधावरसुद्धा उरत नाही. राखणीला गोफण घेऊन माचणावर बसायचं, हे आत्तीच्या आठवणीतच राहिलं. आज लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात शाळू मागितला तर दुकानदार विचारतो, "बार्शीचा देऊ की विजापूरचा?" कोल्हापूरचा म्हणून विचारतच नाही. आणि तो गव्हापेक्षा महाग. 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, सरकारनं त्यांना 'श्री अन्न' म्हटलं, हायवेवरच्या हॉटेलांनी 'चुलीवरची भाकरी' असे फलक लावले. आत्तीच्या काळ्या नाचण्याला 'श्री' लागलेला बघून मला, खोटं कशाला सांगू, थोडी लाजच वाटली. लहानपणी गावाला गेलो की मी ती भाकरी ताटात उलटी ठेवायचो, काळी बाजू दिसू नये म्हणून. ती दोन्ही बाजूंनी काळीच असते, हे कळायला दोन सुट्ट्या गेल्या. त्या काळ्या भाकरीत 100 ग्रॅम पिठामागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गहू-ज्वारीच्या कितीतरी पट.

भाकरी थापायला मी आत्तीकडूनच शिकलो. ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. कोल्हापूरच्या जुन्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारख्याच बोलतात, हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. "मी थापतो, तू नुसतं बघ," ती म्हणाली. आधी तिनं पिठाचा डबा उघडून चिमूट जिभेवर ठेवली. "कवा दळलंय ह्ये?" महिना झाला असेल, मी म्हटलं. "मग काय, इरी न्हाई ऱ्हायली त्यात." विरी म्हणजे पिठाची चिकटण्याची ताकद. गव्हाला ग्लुटेन असतं, ते चपातीला धरून ठेवतं. जोंधळ्याला ते नाही, त्याला ताज्या पिठाचा आणि उकळत्या पाण्याचाच आधार. शिवाय आख्ख्या दाण्याच्या पिठात अंकुराचं तेल असतं, ते जुनं झालं की पीठ कडवट होतं. मोठ्या गिरण्या अंकुर आणि कोंडा आधीच काढतात त्याचं एक कारण हेच, मैदा महिनोन्महिने टिकतो. टिकाऊपणासाठी जे काढलं तेच आपल्याला हवं होतं.

ताजं दळप आणलं. तिनं परातीत पीठ घेतलं, मधे आळं केलं, कडकडीत पाणी ओतलं, उलथन्यानं हलवलं आणि हात लावायजोगं झाल्यावर तळहाताच्या खालच्या भागानं रगडायला लागली. रगडणं थांबेचना. माझ्या मते पीठ केव्हाच झालं होतं, तिच्या मते नाही. मग गोळा, खाली कोरडं पीठ, आणि थप थप थप. बोटं पसरलेली, हात जरा पोकळ, आणि प्रत्येक थापेला भाकरी स्वतःच थोडी फिरते. फिरवायची नसते. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर, तिच्यावर हातानं पाणी फिरवायचं, आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. आधी उलटली तर चिकटते, नंतर उलटली तर चिरा पडतात. मधला क्षण किती सेकंदांचा, हे आत्तीला सांगता येत नाही. "पाण्याची चकाकी गेली की," एवढंच. मग तवा सरकवून आचेवर, आणि भाकरी फुगून तिचा पापुद्रा सुटतो.

माझी पहिली भाकरी रंकाळ्याच्या आकाराची झाली, कडेच्या फुटक्या बांधासकट. आत्तीनं ती स्वतःच्या ताटात घेतली आणि दुधात कुस्करली. "कुस्करल्यावर काय आकार बघतुयास," म्हणाली.

आता आमच्याकडे रात्री भाकरी, सकाळच्या डब्यात चपाती, आणि चपातीचं पीठ न चाळता. बायकोची अट एकच होती, पाहुणे आले तर ती चाळणार. मान्य केलं. बिनचाळलेल्या पिठाला पाणी जरा जास्त लागतं आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवावी लागते, मग चपाती वातड होत नाही.

या सगळ्या नादात एक खोड लागली. कुठंही गेलो की चोथा कुठं जातो ते बघायची. आणि मग लक्षात आलं की आमच्या जिल्ह्याचं अर्थकारणच चोथा बाजूला काढण्यावर उभं आहे. उसाचं कांडं दातानं सोलून चघळलं तर दहा मिनिटं लागतात आणि जबडा दुखतो. रसवंतीत तोच ऊस दोन मिनिटांत ग्लासात. कारखान्यात त्याचं चिपाड बॉयलरला जातं आणि साखर पोत्यात. गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड, काहिलीत रस. पांढऱ्या रश्श्याचं खोबऱ्याचं दूध पिळून घेतो, चोथा टाकतो. गुळाचा चहा हा तर सध्याचा मोठा पुण्यमार्ग आहे. गुळात लोह-बिह थोडं असेल, पण रक्तात जाताना तो साखरेसारखाच जातो, हे कोल्हापूरकरानं लिहिणं म्हणजे घरभेदीपणा, तरी लिहितो.

मिसळीचंही तेच. लोकांना कट दिसतो, फरसाण दिसतं. खाली दडलेली मोडाची मटकी कुणाच्या गप्पांत येत नाही. तिच्यात सालासकट भरपूर तंतू आहेत, प्रथिनं आहेत, आणि आपण ती मैद्याच्या चार स्लाइसबरोबर गिळतो, वर "आणखी दोन पाव टाक" म्हणतो. मी हल्ली मटकी जादा आणि फरसाण कमी मागतो. पहिल्यांदा मागितलं तेव्हा वाढपी म्हणाला, "भावा, तब्येत बरी हाय न्हवं?"

आणि रविवार? रविवारी मटण. यात बदल नाही, तो विषय काढू नये. मटणात तंतू शून्य, ताटात सोबतीला कांदा आणि लिंबू, एवढीच आपली भाजी. तेव्हा मी चपाती आणि भाताऐवजी भाकरी घेतो, आधी एक आख्खी काकडी आणि मूठभर मुळ्याचा पाला खातो, आणि दुपारी पेरू. एका मध्यम पेरूत 8 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, सालीसकट आणि बियांसकट. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम सांगितलेत. दोन भाकऱ्यांचे 10, वाटीभर उसळीचे चार-पाच, पेरूचे 8, उरलेले भाजीचे. मोजायचा कंटाळा येईपर्यंत मी मोजलं, आता मोजत नाही.

मार्गशीर्षात सौंदत्तीहून यात्रा परतली की ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. लहानपणापासून जातोय. डब्यांतून नैवेद्य येतात. आंबील, वडी, भाकरी, मेथीची भाजी, वांगं, कांद्याची पात, गाजर. यंदा गर्दीत बसून ते ताट बघताना मला हसू आलं. आहारतज्ज्ञ ज्याचे पैसे घेतात ते इथं देवीच्या नावानं फुकट वाढत होते, आणि लोक पात-गाजर बाजूला सारून वडी शोधत होते. मीसुद्धा आधी वडीच खाल्ली.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात, त्यामुळे त्याआधी तपासण्यात फारसा अर्थ नसतो. 5.9 आलं. मी रोज रंकाळ्याला फेरीही मारत होतो आणि वजनही साडेतीन किलो उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं ते सांगता यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

परवा शनिवारी गवळीमामा दारात घुटमळले. दूध ओतून झालं, किटलीचं झाकण लागलं, तरी पाय निघेना.

"दादा, एक इचारू? घरात काय बिनसलंय काय?"

"नाही हो मामा. का?"

"न्हाई, तुमच्यातला कोंडा चार-सा म्हैनं झालं आला न्हाई. वैनींस्नी इचारलं तर त्या नुसत्या हसत्यात."

मी सांगितलं, आता तो आम्हीच खातो. मामांनी माझ्याकडे खालून वर बघितलं, मग बादलीकडे बघितलं.

"खावा की," ते म्हणाले. "पर दूध म्हशीनंच द्यायचं हाय न्हवं?"